श्वास पूर्ण होता

ती दोघं आली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता आणि मी मशीन बंद करायच्या बेतात होतो. बापानं दाराबाहेर चपला काढल्या. मी आत या म्हटलं तरी तो उंबऱ्यातच उभा राहिला. हातात केसपेपर, सदऱ्याच्या खांद्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. हे डाग धुऊन जात नाहीत. आमच्या भागात खांद्यावर डाग असलेला माणूस दिसला की तो बागेतून घड वाहून ट्रकपाशी नेणारा, हे विचारावं लागत नाही. त्याच्यामागे आश्रमशाळेच्या गणवेशात नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. तीन आठवडे खोकला, वजन कमी झालंय, टीबीसाठी छातीचा एक्स-रे काढावा, एवढंच केसपेपरवर लिहिलं होतं.

मी तेव्हा जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन होतो. अजूनही तिथंच आहे. गावाचं नाव लिहीत नाही. जे झालं त्यात माझा वाटा मोठा आहे, गावाचा नाही.

एक्स-रेसाठी गळ्यात काही चालत नाही, म्हणून मी तिच्या गळ्यातला काळा दोरा काढायला सांगितलं. दोऱ्यात तांब्याचा ताईत होता. बाप दोऱ्याची गाठ सोडत होता आणि तो ताईत तिच्या छातीवर हलत होता. ती हलत नव्हती, ताईत हलत होता. बरगड्यांखालून कुणी बोटानं टकटक करावं तसा. मी बापाला विचारलं, पोरगी झोपते कशी? तो म्हणाला, "बशीसन झोपस. आडी पडनी का दम कोंडस." घरी असली की धान्याच्या पोत्याला टेकून, शाळेत भिंतीला टेकून.

लहान मुलांच्या छातीचा फोटो काढणं सोपं नसतं. (लोक एक्स-रेला फोटोच म्हणतात, आता मलाही तीच सवय लागली आहे.) मुलं रडतात, वळून बघतात, श्वास धर म्हटलं की सोडतात. श्वास सोडताना फोटो निघाला तर फुफ्फुसं आकसलेली दिसतात आणि हृदय उगाच मोठं दिसतं. म्हणून मी मुलांना ओळखीचं काहीतरी सांगतो. तिला म्हणालो, नाल्यात बुडी मारतेस ना, तशी छाती भरून घे आणि धर. तिनं हनुवटी वर केली, छाती प्लेटला लावली आणि श्वास धरला. मी काचेमागे जाऊन बटण दाबलं, पडद्यावर फोटो आला का ते बघत राहिलो आणि "सोड" म्हणायचं विसरलो. मान वळवून पाहिलं तर पोरगी अजून तशीच उभी. ओठ निळसर पडले होते. मी घाईनं "सोड, सोड" म्हणालो तेव्हा तिनं श्वास सोडला आणि खोकत खाली बसली.

हे इतकं बारकाईनं लिहितोय, कारण पुढं मी जे बोललो ते यानं खोटं ठरतं.

पडद्यावरचा फोटो स्वच्छ होता. मी बरगड्या मोजल्या. जितक्या दिसायला हव्यात तितक्या दिसत होत्या, म्हणजे श्वास पूर्ण होता. फुफ्फुसात टीबीचा डाग कुठं नव्हता. पण हृदय छातीच्या निम्म्याहून जास्त जागा व्यापून बसलं होतं. धडधाकट मुलाच्या हृदयाला डाव्या अंगाला कमरेसारखी खळगी असते. हिची ती खळगी भरून कड सरळ झाली होती, दोरी लावून आखल्यासारखी. आणि उजवीकडं सावलीच्या आत आणखी एक सावली होती.

ही दुहेरी सावली कशाची, हे मला धुळ्यात शिकलो तेव्हापासून माहीत होतं. तिथं आम्हाला शिकवणारे एक म्हातारे डॉक्टर होते. टेक्निशियनच्या पोरांना फोटो वाचायला शिकवणं त्यांच्या कामात बसत नव्हतं, तरी ते शिकवायचे. मुलांचा फोटो नुसता फुफ्फुसासाठी बघू नका, असं ते नेहमी सांगायचे. घसा दुखतो, ताप येतो, आईबाप चार दिवस वाट बघतात, घसा बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, आज गुडघा, उद्या घोटा. तेही बरं होतं आणि सगळे विसरतात. आत मात्र हृदयाची झडप धरलेली असते. ती जाड होते, नीट मिटत नाही, नीट उघडत नाही. रक्त मागं साठतं, डावा वरचा कप्पा फुगत जातो आणि तोच फोटोत सावलीतली सावली होऊन दिसतो. सांधे धरून सोडून देणारा आणि हृदय धरून न सोडणारा ताप, असं ते म्हणायचे.

मी फोटो घेऊन ओपीडीत गेलो. डॉक्टर नवीन होते, पंचविशीतले, एकटे. बाहेर रांग व्हरांड्याच्या टोकापर्यंत. त्यांनी फोटो उजेडाकडं धरला, फुफ्फुसं पाहिली, टीबी नाही म्हणाले. मग त्यांची नजर मधोमध थांबली.

"हार्ट मोठं वाटतंय. श्वास सोडताना निघालाय का फोटो?"

मला फक्त नाही म्हणायचं होतं. नाही सर, श्वास पूर्ण होता, बरगड्या मोजल्यात मी. पण दोन वर्षांपूर्वी एका पेशंटच्या नातेवाइकांना मी फोटोत काय दिसतं ते सांगितलं होतं आणि त्यावरून तक्रार झाली होती. तुमचं काम फोटो काढायचं, वाचायचं नाही, असं तेव्हाच्या साहेबांनी सगळ्या स्टाफसमोर सुनावलं होतं आणि लेखी खुलासा घेतला होता. तेव्हापासून मी तोंड बंद ठेवायला शिकलो होतो. आणि खरं सांगायचं तर दीड वाजत आला होता. श्वास पूर्ण होता म्हटलं असतं तर पुढचं सगळं आलं असतं, आणखी तपासण्या, जळगावला फोन, गाडी.

मी म्हणालो, "असेल, सर. पोरगी हलत होती."

डॉक्टरांनी मान हलवली. खोकल्याचं औषध, पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पंधरा दिवसांनी फोटो परत काढू म्हणून सांगितलं. बापानं खिडकीवर औषध घेतलं. पोरीनं ताईत स्वतःच गळ्यात घातला.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. ती आली नाहीत. काम कमी असलं की मी तो फोटो मशीनवर उघडून बघायचो. कुणी आलं की बंद करायचो. हृदय एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं, दर वेळी तेवढंच. फोटो थोडाच बदलणार होता. बदलणार होतं ते वर डोंगरात तिच्या पाड्यावर, मला न दिसणारं.

माझी अक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आम्ही दोंडाईच्याचे. वडील मिरचीच्या बाजारात हमाली करायचे. हंगामात ते घरी आले की सगळं घर शिंकायला लागायचं. अक्का दहा-अकरा वर्षांची असताना एकदा शाळेतून लंगडत आली. घोटा लाल, कढत. आईनं निरगुडीचा पाला गरम करून बांधला. दोन दिवसांनी घोटा उतरला आणि गुडघा सुजला. आई शेजारणीला सांगायची, पोर वाढी ऱ्हायनी, म्हनीसन हाडं दुखतस. महिन्याभरात सगळं बरं झालं. पुढं अक्काला खोकला राहिला, तो मिरचीच्या ठसक्याचा, असं सगळेच धरून चालले. विहिरीवरून येताना ती दोनदा घागर खाली ठेवायची, तेव्हा आळशी म्हणून बोलणी खायची. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आणली ती उशांना टेकून बसूनच. आठव्या महिन्यात एका सकाळी अंगणात बसल्या बसल्या तिला गुलाबी फेस आला आणि तासाभरात ती गेली. पोटातलं पोरही गेलं. दमा म्हणाले, नजर म्हणाले. धुळ्याच्या त्या वर्गात म्हाताऱ्या डॉक्टरांनी काचेवर एक फोटो लावून सावलीतली सावली दाखवली, त्या दिवशी मला अक्का कशानं गेली ते कळलं. वर्गातून उठून मी बाहेर जाऊन बसलो होतो. हे सगळं ठाऊक असलेला माणूस त्या दुपारी "पोरगी हलत होती" म्हणाला.

अडीच महिन्यांनी त्या बाजूच्या उपकेंद्रातली नर्सबाई मासिक मीटिंगला आली. मी तिला पोरीबद्दल विचारलं. ती म्हणाली, ती होय, ती शाळेत प्रार्थनेला उभी असताना पडली, तेव्हापासून घरीच आहे. बाप म्हणतो, सरकारी दवाखान्यात फोटो काढला, काही निघालं नाही.

काही निघालं नाही. तिनं ते सहज सांगितलं आणि पुढच्या माणसाशी बोलायला वळली.

पुढच्याच रविवारी मी नर्सबाईला मोटारसायकलवर मागं बसवून पाड्यावर गेलो. केळीच्या बागा संपतात तिथं डांबरी संपते. मग कापसाची कोरडवाहू वावरं, मग नुसतं दगडगोट्यांचं चढण. पाड्यावर माणसं कमी होती, बरीच कामाला खाली उतरलेली. बाप घरी होता. मला बघून तो चमकला. दवाखान्यातला माणूस स्वतःहून घरी आला तर चांगली बातमी नसते, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

पोरगी ओट्यावर बसली होती, पाठीमागं पोतं. पाय सुजलेले. मानेतली शीर लांबून दिसत होती, उडत होती. तिनं मला ओळखलं आणि हसली. मी तिच्याकडं बघत होतो, तेवढ्यात घरातून तिची धाकटी बहीण आली. पाच-सहा वर्षांची. ती एका पायावर भार न देता भिंत धरून येत होती. नर्सबाईनं विचारलं, हिला काय झालं? आई चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, काही नाही, पडली असेल.

बाप म्हणाला, "पडनी नही. काल हाऊ पाय दुखे, आज तो."

मी खाली बसलो आणि धाकटीच्या गुडघ्याला हात लावला. कढत होता. दुसऱ्या पायाचा घोटा उतरत आलेला, कातडीवर नुसती सुरकुती राहिलेली. मी नर्सबाईकडं पाहिलं. तिला अजून काही कळलं नव्हतं. मला त्या ओट्यावर एकापुढे एक दोन्ही दिसत होतं, हे सुरू कसं होतं आणि पुढं कुठं जातं. मी बापाला म्हणालो, दोघींना घेऊन आत्ता निघायचं. त्यानं कारण विचारलं नाही. आईनं विचारलं. मी सांगितलं, मोठीचं हृदय वाढलंय आणि धाकटीचं वाढू शकतं. आईचा चुलीतलं लाकूड मागं ओढणारा हात थांबला. मग तिनं लाकूड पूर्ण बाहेर ओढून विझवलं आणि पोरींची कापडं बांधायला घेतली.

गाडी बोलावून आम्ही दवाखान्यात आलो. मोठीचा फोटो काढला. या वेळी तिला श्वास धरवतच नव्हता. हृदय पहिल्यापेक्षा रुंद झालं होतं. फुफ्फुसात वरच्या शिरा फुगून हरणाच्या शिंगांसारख्या पसरल्या होत्या आणि खाली कडेला बारीक आडव्या रेघा आल्या होत्या. आत पाणी भरायला लागलं की या रेघा येतात. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून डॉक्टरांपुढे उभा राहिलो. रविवार असल्यानं रांग नव्हती.

"सर, त्या दिवशी श्वास पूर्ण होता. मी बरगड्या मोजल्या होत्या. तुमच्याशी खोटं बोललो."

ते उठून पोरीकडं गेले, स्टेथोस्कोप लावला आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. मग धाकटीला ऐकलं. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. म्हणाले, "मी त्या दिवशी नीट ऐकलंच नाही, भाऊ. पाठीवर लावला, पुढं लावलाच नाही." एवढंच. पुढं आमच्यात हा विषय निघाला नाही. त्यांनी धाकटीला पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू केलं आणि मोठीला गाडीत घालून धुळ्याला पाठवलं.

धुळ्यात तिच्या अंगातलं पाणी औषधानं उतरलं. सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली. झडप गळत होती आणि अरुंदही झाली होती. ऑपरेशन मोठ्या शहरात होणार होतं, मोफत, पण नंबर लागायचा होता. मी दोनदा भेटायला गेलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ती खाटेवर बसून वॉर्डातल्या एका बाळाला खेळवत होती आणि मला वाटलं, होईल बरं. तारीख आली, ती पुढच्या महिन्याची. मधल्या थंडीत वॉर्डात सर्दीखोकला फिरला. तिला ताप आला. चार दिवसांत ती गेली. बाप तिथंच होता. फोन त्यानंच केला, पण बोलला कमी. ती गेली एवढं कळलं.

धाकटीचं इंजेक्शन दर एकवीस दिवसांनी. बहिणीचा दहावा झाला आणि दोनच दिवसांनी तिची तारीख होती. बाप तिला घेऊन आला. इंजेक्शनच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. पहिल्या फोटोत मला दिसलं होतं, डॉक्टरांनी विचारलं होतं, मी काय उत्तर दिलं, सगळं. मी मराठीत सुरुवात केली होती, मध्येच घरच्या बोलीत गेलो.

तो समोरच्या भिंतीकडं बघतच म्हणाला, "तवय सांगतात ते ती वाचती का?"

मी म्हणालो, माहीत नाही. वाचलीही असती.

त्यानं मान हलवली, जशी रस्ता सांगणाऱ्या माणसापुढे हलवतात. तेवढ्यात आतून हाक आली. तो पोरीचा हात धरून आत गेला. हे इंजेक्शन फार दुखतं, मोठी माणसं ओरडतात. पोरीचा आवाज आला नाही.

त्याला पाच वर्षं होत आली. धाकटीचा छातीचा फोटो दर सहा महिन्यांनी मीच काढतो. धुळ्याला तपासणी वर्षातून एकदा होते. त्यात झडपेला थोडी गळती आहे, हे पहिल्याच वर्षी कळलं. इंजेक्शन चुकलं नाही तर ती तेवढ्यावर राहू शकते. बाप माझ्यावर रागावलेला मी कधी पाहिला नाही आणि मला माफ केलं असंही तो कधी म्हणाला नाही. फोटो पडद्यावर आला की तो पडद्याकडं बघत नाही. दारात उभा राहून माझ्या तोंडाकडं बघतो. मी तोंडावर काही दिसू न द्यायला शिकलो, पण तो आता त्यातूनही ओळखतो.

मागच्या दिवाळीनंतर ती सगळी गुजरातेत कामाला गेली. पाड्यावरची बरीच घरं जातात. पोरीला आश्रमशाळेत ठेवा, म्हणून मी सांगितलं होतं, पण मोठीचं तसं झाल्यापासून आई तिला नजरेआड करत नाही. तिकडं इंजेक्शन घेऊ म्हणाले होते. मी चिठ्ठी लिहून दिली होती. होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजाराला ती परत आली आणि नर्सबाईचा फोन आला, तीन इंजेक्शनं चुकलीत आणि मध्ये घसा धरून ताप येऊन गेलाय.

गेल्या महिन्यात फोटो काढला. दहा वर्षांची आहे ती आता, बहीण पहिल्यांदा आली तेव्हा होती तेवढीच. छातीच्या निम्म्याच्या आत आहे हृदय, पण मागच्या फोटोपेक्षा वाढलंय. डाव्या बाजूची खळगी पूर्वी होती तेवढी खोल नाही. मी तिचे शेवटचे तीन फोटो एकाखाली एक लावून पाहिले. या वेळी दारातल्या माणसाला ओळखायला लावलं नाही, आत बोलावून पडद्यावर बोट ठेवून दाखवलं.

"वाढलंय. हद्दीत आहे अजून. पण वाढलंय."

त्यानं पहिल्यांदाच पडद्याकडं नीट बघितलं. कुठं, म्हणून विचारलं. मी दाखवलं. मग त्यानं विचारलं, पोरीनं शाळेत खेळावं का? मी म्हणालो, ते डॉक्टर सांगतील. त्या दोघांना घेऊन मी स्वतः ओपीडीत गेलो. आता डॉक्टर दुसरे आहेत. त्यांनी ऐकलं, इंजेक्शन त्याच दिवशी दिलं आणि पुढच्या आठवड्यात धुळ्याला जायची चिठ्ठी लिहिली. बापानं चिठ्ठी घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. यंदा बाहेर जाणार नाही, म्हणाला. आईलाही सांगतो, म्हणाला.

ती निघाली तेव्हा मी व्हरांड्यात उभा होतो. दवाखान्यापासून एसटीच्या थांब्यापर्यंत थोडा चढ आहे. बाप पुढं, पोरगी मागं. अर्ध्यावर ती थांबली. बापही थांबला, वळून बघत राहिला. रस्त्याच्या कडेला कुल्फीची गाडी उभी होती. ती दमून थांबली की कुल्फीकडं बघायला थांबली, ते मला एवढ्या लांबून कळलं नाही.